तांब्याच्या के-कवचाचं क्रॉस सेक्शन उणे येतंय! १२ केईव्हीला बेथेचं सूत्र चालत नाही का?

भंवरकुआ_एमएससी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी इंदुरात एमएससी करते, शेवटच्या सत्राचा प्रकल्प चालू आहे. कार्बनच्या पातळ पडद्यावर १० नॅनोमीटर तांबं बसवलंय. एसईएमचा (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) इलेक्ट्रॉन झोत त्यावर टाकायचा आणि के-अल्फा एक्स-किरण (के-कवचातली रिकामी जागा एल-कवचातल्या इलेक्ट्रॉनने भरताना निघणारे) मोजायचे. पण मॅडमची अट अशी की किती किरण यायला हवेत ते आधी कागदावर काढायचं, मगच यंत्राला हात लावायचा.

म्हणून पहिलं पाऊल : इलेक्ट्रॉनच्या धडकेने तांब्याच्या के-कवचातला (सगळ्यात आतल्या कवचातला) इलेक्ट्रॉन निघण्याचं क्रॉस सेक्शन, म्हणजे ते घडण्याची शक्यता क्षेत्रफळाच्या रूपात. मी बेथेचं सूत्र घेतलं :

क्रॉस सेक्शन = ६.५१ × १०^-२० × (२ × ०.९) ÷ (ई × बी) × एलएन(०.६५ × ई ÷ बी)

ई म्हणजे झोताची ऊर्जा, बी म्हणजे के-कवचाची बंधन ऊर्जा (तिथला इलेक्ट्रॉन सोडवायला लागणारी किमान ऊर्जा, ८.९७९), दोन्ही केईव्हीत (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये). उत्तर चौरस सेंटिमीटरमध्ये येतं, ते मी बार्नमध्ये (१०^-२४ चौरस सेंटिमीटर) बदललं. ३० केईव्हीला ३३७ बार्न, २५ ला ३१०, २० ला २४१, १५ ला एकदम ७२, आणि १२ केईव्हीला उणे १५३!

एककं तपासली. लॉग नैसर्गिकच आहे. मैत्रीण म्हणते उणे येईल तिथे शून्य लिही आणि पुढे चल. पण १२ केईव्ही ही तांब्याच्या ८.९७९ पेक्षा चांगलीच जास्त आहे, मग आयनीभवन शून्य कसं असेल?

दुसरं म्हणजे लोट्झचं सूत्र लावलं तर २० केईव्हीला ४०१ बार्न येतात. बेथेचे २४१. अणू एक, कवच एक, ऊर्जा एक, आणि उत्तरांत दीडपटीहून जास्त फरक. कुणावर विश्वास ठेवायचा?

---

प्लाझ्मावाला

लोट्झ घ्या आणि मोकळ्या व्हा. त्यात लॉगच्या आत थेट ई ÷ बी आहे, त्यामुळे उंबरठ्याच्या (ई = बी) वर कधीच उणे येत नाही. आम्ही प्लाझ्मात आयनीभवनाचा दर काढताना वर्षानुवर्षं तेच वापरतो. ४.५ × १०^-१४, गुणिले इलेक्ट्रॉनांची संख्या, गुणिले लॉग, भागिले ई आणि बी. काम फत्ते.

---

रामबागकर

मुली, शून्य लिहू नकोस. आणि प्लाझ्मावाल्यांचं ऐकून मोकळीही होऊ नकोस, ते ४०१ मला पटत नाहीत. त्याचं कारण पुढे सांगतो.

आधी उणे १५३ ची गोष्ट. तुझा हिशोब बरोबर आहे, मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिला. सूत्रच तिथे लागू नाही. लॉगच्या आत ०.६५ × ई ÷ बी आहे. हा गुणाकार १ च्या खाली गेला की लॉग उणे होणारच. म्हणजे ई ÷ बी १.५४ च्या खाली, तांब्यासाठी १३.८ केईव्हीच्या खाली, सूत्र उणेच देणार. आणि १५ ला आलेले तुझे ७२ बार्न सुद्धा खरे धरू नकोस. उणे नाहीत म्हणून ते सभ्य दिसतात एवढंच. त्यांचा आजारही तोच आहे.

हे ०.९ आणि ०.६५ आले कुठून? बेथेने १९३० मध्ये जे काढलं ते वेगवान इलेक्ट्रॉनसाठी. त्यातल्या दोन स्थिरांकांना पुढे लोकांनी प्रयोगांशी जुळवून आकडे दिले. तुझे आकडे पॉवेलच्या १९७६ च्या आढाव्यातले आहेत आणि त्यांची हद्द तिथेच दिलेली आहे : ई ÷ बी साधारण ४ ते २५. आता तांब्याचं गणित बघ. ४ गुणिले ८.९७९ म्हणजे ३५.९ केईव्ही. एसईएम सहसा ३० वर थांबतो, तिथे तुझं गुणोत्तर होतं ३.३४. म्हणजे तांब्याच्या के-कवचासाठी तुझ्या यंत्राची सगळीच्या सगळी पट्टी त्या हद्दीबाहेर आहे. नुसतं १२ केईव्हीचं दुखणं नाही हे. अ‍ॅल्युमिनियम असतं (बंधन ऊर्जा १.५६ केईव्ही) तर २० केईव्हीला गुणोत्तर १२.८ आलं असतं आणि हेच सूत्र निमूट चाललं असतं.

आता खरी मजा : उंबरठ्याजवळ बेथे का मोडतो? धडकेत येणारा इलेक्ट्रॉन थोडी ऊर्जा आणि थोडा संवेग देऊन जातो. किमान बी एवढी ऊर्जा तर द्यायलाच हवी. ती दिल्यावर संवेग किती देता येतो त्याला खालची आणि वरची मर्यादा असते, आणि ती ऊर्जेच्या वर्गमुळांवरून निघते. खालची मर्यादा ई चं वर्गमूळ वजा (ई − बी) चं वर्गमूळ, वरची त्याच दोघांची बेरीज. ई ÷ बी जर २० असेल तर वरची मर्यादा खालचीच्या ७८ पट निघते. एवढी ऐसपैस जागा असली की लॉग शोभतो, कारण लॉग येतो तोच लांबून जाणाऱ्या, हलक्या धक्क्यांची बेरीज करून. पण १२ केईव्हीला? मी काढलं, गुणोत्तर फक्त ३ येतं. हलके धक्के उरलेच नाहीत. जी काही टक्कर होईल ती जवळची, जोराची, आणि त्या टकरींचा बेथेच्या लॉगमध्ये नीट हिशोबच नाही.

त्यात आणखी एक भानगड आहे. धडकेनंतर दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, एक आलेला आणि एक निघालेला, आणि दोघं हुबेहूब सारखे. यातला आपला कोणता हे सांगताच येत नाही. म्हणून रीत अशी की जास्त वेगाचा तो आलेला मानायचा, आणि निघालेल्याची ऊर्जा शून्यापासून (ई − बी) च्या निम्म्यापर्यंतच बेरजेत घ्यायची. पुढे कधी स्वतः समाकलन करायला बसलीस तर वरची मर्यादा निम्मीच ठेव, नाहीतर काही टकरी दोनदा मोजल्या जातील. शिवाय सारखेपणामुळे दोन शक्यता एकमेकींना थोडं कापतात. हे मॉटचं काम, १९३० चंच. वेगवान झोतात हा भाग किरकोळ असतो, पण उंबरठ्याजवळ तोच भारी पडतो.

उपाय : किम आणि रड यांचं १९९४ चं सूत्र, बीईबी (बायनरी-एन्काउंटर-बेथे) म्हणतात त्याला. जवळच्या टकरी मॉटकडून, लांबच्या बेथेकडून. टी = ई ÷ बी धर. यू म्हणजे कवचातल्या इलेक्ट्रॉनची सरासरी गतिज ऊर्जा भागिले बी. मग

कंस = (एलएन टी ÷ २) × (१ − १ ÷ टी²) + १ − १ ÷ टी − एलएन टी ÷ (टी + १)

क्रॉस सेक्शन = एस × कंस ÷ (टी + यू + १)

एस म्हणजे ४ पाय गुणिले बोर त्रिज्येचा वर्ग, गुणिले २ इलेक्ट्रॉन, गुणिले (१३.६०६ ÷ ८९७९) चा वर्ग; १३.६०६ ही हायड्रोजनची बंधन ऊर्जा, दोन्ही ईव्हीत. तांब्यासाठी हे १६१६ बार्न होतात. कंसातलं पहिलं पद लांबच्या टकरींचं, मधलं जवळच्यांचं, आणि शेवटचं वजा पद त्या कापाकापीचं. टी = १ घालून बघ, तिन्ही पदं शून्य होतात. उंबरठ्यावर शून्य, वर गेलं की धन. असं सूत्र वागायला हवं.

यू मी १.२५ घेतला. मग १२ केईव्हीला ८६ बार्न, १५ ला १५४, २० ला २२५, २५ ला २६२, ३० ला २८१. शिखर ४० च्या थोडं पुढे, सुमारे २९० बार्नवर, तुझ्या यंत्राच्या आवाक्याबाहेर.

लाइट जायच्या आत पाठवतो. बाकी उद्या.

---

भंवरकुआ_एमएससी

काका, खूप आभार. मी एक्सेलमध्ये घातलं आणि पाचही आकडे जुळले. पण तो यू = १.२५ कुठून आणला? मला वाटलं होतं की व्हिरियल प्रमेयाने गतिज ऊर्जा बंधन ऊर्जेइतकीच येते, म्हणजे यू = १.

---

रामबागकर

हायड्रोजनमध्ये १ च येतो. तांब्यात बाहेर २७ इलेक्ट्रॉन आणखी बसलेत. के-कवच केंद्रकाला इतकं चिकटलेलं असतं की बाहेरच्या ढगाचं बल त्याला जवळजवळ जाणवतच नाही. जाणवतं ते फक्त विभव. बाहेरच्या इलेक्ट्रॉनांमुळे आतलं विभव सगळीकडे साधारण सारख्या प्रमाणात चढतं, त्यामुळे बंधन ऊर्जा कमी होते, पण इलेक्ट्रॉनच्या आतल्या गतीत काही फरक पडत नाही. म्हणून गतिज ऊर्जा बंधन ऊर्जेपेक्षा जास्त.

आकडा काढायचा तर स्लेटरचा नियम पुरे. के-कवचातला जोडीदार इलेक्ट्रॉन ०.३ एवढा आडोसा करतो, म्हणजे २९ वजा ०.३, २८.७. त्याचा वर्ग गुणिले १३.६०६ ईव्ही, म्हणजे ११.२ केईव्ही. भागिले ८.९७९. झाले १.२५. हार्ट्री-फॉकवाले (अणूचा हिशोब संगणकावर करणारे) यापेक्षा बारीक आकडा देतील, पण यू छेदात टी आणि १ यांच्या सोबत बसलेला असतो, त्यामुळे तो थोडा हलला तरी उत्तर फारसं हलत नाही.

आणि तो छेदातला (यू + १) हा पूर्ण सिद्धांतातून नाही निघत, हेही तोंडी परीक्षेत विचारतील म्हणून सांगून ठेवतो. युक्तिवाद असा की धडकणारा इलेक्ट्रॉन आत शिरताना केंद्रकाच्या ओढीने वेग घेतो, म्हणून त्याची तिथली ऊर्जा ई पेक्षा जास्त धरायची. पटण्यासारखं आहे, प्रयोगांशी जुळतंही. पण जुळतं म्हणून ठेवलंय.

ज्यांना ही तडजोड नको ते पूर्ण वाटेने जातात. येणाऱ्या आणि जाणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या लहरी सरळ न धरता अणूच्या क्षेत्रात वाकलेल्या धरायच्या, अणूचं क्षेत्र डिराकच्या समीकरणातून आणायचं, आणि एकेका कोनीय संवेगाची लहर घेऊन बेरीज करत बसायचं. ऊर्जा वाढली की या लहरींची संख्या इतकी वाढते की संगणक दमतो. बोटे आणि साल्वाट यांनी बार्सिलोनात हे केलं आणि २००९ मध्ये सहकाऱ्यांसह हायड्रोजनपासून ९९ व्या मूलद्रव्यापर्यंत, के, एल आणि एम कवचांसाठी, सगळ्यांची सोपी सूत्रं छापली. ई ÷ बी १६ पर्यंत वाकलेल्या लहरींच्या आकड्यांना जुळवलेलं पाच गुणांकांचं सूत्र, त्यापुढे सरळ लहरींवर आधारलेलं दुसरं. प्रकल्पात अंतिम आकडा त्यांचाच दे. बीईबी हाताने कर, कारण त्यात काय चाललंय ते दिसतं. तयार तक्त्यातून आकडा उचलला तर चूक झाली तरी कळणार नाही.

---

प्लाझ्मावाला

काका, लोट्झला एवढं का टाकताय? त्याने १९६७ मध्ये केलं तेव्हा हे सगळं नव्हतं.

---

रामबागकर

माणसाला नाही टाकत हो! तुम्ही जे वापरता ते त्याचं अर्धंच सूत्र आहे, तक्रार त्याची आहे. मूळ सूत्रात लॉगच्या पुढे आणखी एक कंस आहे : १ वजा एक जुळवलेला गुणांक गुणिले घातांकी पद. ते पद उंबरठ्याजवळ उत्तर खाली खेचण्यासाठीच घातलेलं आहे. तुम्ही लोक तो गुणांक शून्य धरता आणि ४.५ सगळ्यांना लावता. प्लाझ्मात वेगवेगळ्या वेगाचे असंख्य इलेक्ट्रॉन असतात, सरासरीत ते खपून जातं. हिच्याकडे एकाच ऊर्जेचा झोत आहे आणि टी फक्त २.२३. तिथे सरासरी कुठली?

लॉगच्या आत १ ठेवलं म्हणजे उणे येत नाही एवढाच त्याचा फायदा. ग्रीन आणि कॉस्लेट यांनीही १९६१ मध्ये बेथेत तेच केलं, ०.९ च्या जागी ०.६१ आणि ०.६५ च्या जागी १. त्याने २० केईव्हीला ३५४ येतात. म्हणजे एकाच बेथेचे स्थिरांक बदलले की २४१ चे ३५४. मुली, हा आकडा अहवालात नक्की लिही, परीक्षकांना तो बोलका वाटेल.

---

टीईएमवाला_बडोदा

बडोद्याहून नमस्कार. चर्चा छान चाललीय, एक भर घालतो. इथे सापेक्षता कुणी काढलीच नाही. २० केईव्हीचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ०.२७ पट वेगाने जातो, दुर्लक्ष करण्याजोगा नाही तो. आमच्या २०० केईव्हीच्या टीईएममध्ये (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) तर ०.६९५ पट. तिथे जुन्या सूत्रात ई च्या जागी सरळ २०० घातले की चुकलं. अर्धा एम व्ही वर्ग काढला तर फक्त १२४ केईव्ही होतात, आणि टक्कर किती वेळ टिकते ते वेगावर ठरतं.

---

रामबागकर

अगदी योग्य. किम, सांतोस आणि पारेंते यांनी २००० मध्ये बीईबीचं सापेक्ष रूप दिलं. मी तांब्यासाठी २० केईव्हीला ते लावून पाहिलं तर २२५ चे २२३ होतात, एक टक्क्याच्या आतबाहेर. छेद लहान होतो आणि कंसही लहान होतो, दोघं एकमेकांना सांभाळून घेतात. म्हणून एसईएमच्या पट्टीत तांब्याला साधं रूप चालेल. तुमच्या २०० ला नाही चालणार. आणि सोन्याचं के-कवच घेतलं, ८०.७ केईव्ही, तर तिथे कवचातला इलेक्ट्रॉनच सापेक्ष वेगाने फिरतोय, साध्या रूपाचं नावही काढू नये.

---

भंवरकुआ_एमएससी

आता शेवटचं. आमच्या ओळखीचे एक सर इंडस-२ वर (इथल्या राजा रामण्णा केंद्रातला सिंक्रोट्रॉन) एक्स-किरण प्रतिदीप्तीचं काम करतात. ते म्हणाले, तांब्याचं के-कवच फोडायला इलेक्ट्रॉन कशाला, फोटॉन घे, कितीतरी जास्त मिळतं. खरंच इतका फरक आहे का?

---

रामबागकर

आहे. ८.९७९ केईव्हीची कड ओलांडली की तांब्याचं फोटॉन-शोषण एका झटक्यात ३८ वरून २७८ चौ.सेंमी प्रति ग्रॅम होतं. यातली वाढ के-कवचाची. एका अणूमागे काढली तर सुमारे २५ हजार बार्न. तुझं इलेक्ट्रॉनचं शिखर २९० बार्न. आणि चाल उलटी : फोटॉन कडेवरच सगळ्यात जोरात असतो आणि पुढे घसरत जातो, इलेक्ट्रॉन कडेवर शून्य असतो आणि हळूहळू चढतो. फोटॉन शोषला जातो तेव्हा संपतोच, सगळी ऊर्जा देऊन टाकतो. इलेक्ट्रॉनला काहीतरी हातात ठेवून बाहेर पडायचं असतं. राजा रामण्णा केंद्राच्या त्या झोतासमोर एसईएम म्हणजे किरकोळच. पण एसईएमचा झोत हवा तिथे नॅनोमीटरच्या ठिपक्यावर उभा करता येतो आणि तो खोलीत बसतो.

कमी म्हणजे किती कमी, तेही काढून ठेव. १० नॅनोमीटर तांब्यात एका चौरस सेंटिमीटरमागे ८.५ × १०^१६ अणू. गुणिले २२५ बार्न. एक लाख इलेक्ट्रॉन आरपार गेले तर के-कवचात साधारण दोन पोकळ्या (रिकाम्या जागा). त्या दोनांतली प्रत्येक एक्स-किरण देईलच असंही नाही. तांब्याचं प्रतिदीप्ती उत्पन्न (पोकळी भरताना एक्स-किरण निघण्याचं प्रमाण) ०.४४ च्या आसपास, बाकी वेळा ती ऊर्जा घेऊन अणूतलाच दुसरा, ओजे इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. जे एक्स-किरण येतात त्यातले सुमारे ८८ टक्के के-अल्फा, उरलेले के-बीटा (पोकळी आणखी बाहेरच्या कवचातून भरली तर निघणारे). म्हणजे २२५ बार्नमधले के-अल्फाच्या वाट्याला ८७.

घाबरू नकोस, एक नॅनोअँपिअर म्हणजे सेकंदाला ६२४ कोटी इलेक्ट्रॉन. हिशोबाने सेकंदाला ४६ हजारांच्या आसपास के-अल्फा, सगळ्या दिशांना मिळून. डिटेक्टर त्यातला जेवढा कोन बघतो तेवढे तुझे. बहुतेक प्रकल्पांचा हिशोब गडबडतो तो या कोनात आणि झोताच्या प्रवाहात. क्रॉस सेक्शनवर भांडण्यात सगळा वेळ घालवू नकोस, फॅरडे कपने (झोत अडवून त्याचा प्रवाह मोजणारी वाटी) प्रवाह नीट मोजून ठेव.

---

टीईएमवाला_बडोदा

आणि तो कार्बनचा पडदा खरंच पातळ आहे ना, ते बघा. पडद्याच्या मागे जाड काही असेल तर तिथून परतलेले इलेक्ट्रॉन तांब्यातून पुन्हा एकदा जातात आणि मोजणी वाढवतात. २० आणि ३० ला हे ठळक दिसेल. १२ ला कमी, कारण परतताना जे ८.९७९ च्या खाली आले त्यांच्याने के-कवच फुटत नाही. पातळ पडदा असेल तर १० नॅनोमीटर तांब्यात २० केईव्हीचा इलेक्ट्रॉन शंभर ईव्हीसुद्धा गमावत नाही, ई सगळीकडे सारखी धरलेली चालेल.

---

भंवरकुआ_एमएससी

पडदा जाळीवर ताणलेला आहे, खाली मोकळं आहे. फक्त जाळी तांब्याची आहे, म्हणजे तिचेही के-अल्फा मोजणीत मिसळतील! मॅडमना विचारून निकेलची मागवते.

---

टीईएमवाला_बडोदा

निकेलचं के-बीटा ८.२६ केईव्हीला येतं, तुमचं तांब्याचं के-अल्फा ८.०५ ला. साधा ईडीएस डिटेक्टर (एक्स-किरणांची ऊर्जा मोजणारा) ती दोन शिखरं एकमेकांत मिसळून दाखवेल. मॉलिब्डेनमची किंवा नायलॉनची जाळी मागवा.